पळवाट कोणाची?

'मुलींनी वास्तव वाचावं. जादूच्या आणि भविष्यातल्या हुकूमशाहीच्या कादंबऱ्या म्हणजे पळवाट,' असं आपल्याच बैठकांतून ऐकू येतं. मला हे मान्य नाही.

सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'मध्ये (२००८) सत्ताधारी २४ मुलामुलींना एकमेकांना मारायला रिंगणात उतरवतात आणि साऱ्या देशाला तो तमाशा दाखवतात. धाकट्या बहिणीऐवजी स्वतः उतरलेली कॅटनिस तिसऱ्या भागाच्या (२०१०) शेवटी बाण सोडते तो बंडाच्या नेत्रीवर, जी पराभूतांच्या मुलांसाठी तोच खेळ मांडू पाहते. आपल्या बाजूच्या सत्तेलाही जाब विचारा, हेच ना आपण शिबिरांतून सांगतो?

माझा आक्षेप वेगळा आहे. ही नायिका भेटते ती मुख्यतः मुलुंड-अंधेरीच्या इंग्रजी शाळांतल्या मुलींना. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या, पालिका शाळेतल्या मुलीला मराठीत भेटतात गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे. सगळे मुलगे! दिवेलागणीला घरात ये, ही ताकीद तिला घरी मिळते आणि पुस्तकांतूनही.

हे स्वप्न परकं नाही. रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ सालीच 'सुलतानाज ड्रीम'मध्ये पुरुषांना पडद्याआड बसवलं आणि सूर्याच्या उष्णतेनं शत्रूला पळवून लावणाऱ्या बायकांचं राज्य उभं केलं.

मैत्रिणींनो, मुलींच्या हातातली पुस्तकं हिसकावू नका. वस्तीत त्या गोष्टी मराठीतून सांगा, मुलींना स्वतःचं राज्य लिहू द्या. जिला वेगळं जग कल्पिताच येत नाही, ती आहे त्या जगाशी भांडणार कशी?