खुंटा हलवून पाहा

जुन्या मित्राच्या जुन्या जीपची निंदा त्याच्या तोंडावर करू नये, असा संकेत आहे. पण त्या जीपमध्ये दोन वर्षांचा नातू बसणार असेल, तर हा संकेत खुशाल गुंडाळून ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या एका स्नेह्यांची जीप १९८२ सालची. पावसात ती बाहेरून कमी आणि आतून जास्त भिजते. तरी ते तिला 'राणी' म्हणतात. म्हणोत बापडे! परवा नातवासाठी चाइल्ड सीट आली. गादी मऊ, पट्टे जाड. "झालं, काळजी मिटली!" असं स्नेही म्हणाले आणि आमचं वाजलं.

अहो, काळजी खुर्चीत नसते; खुर्ची जिथे बांधायची, तिथे असते. आपले वाडवडील म्हैस बांधताना आधी खुंटा हलवून बघायचे. दावं कितीही नवं असो, खुंटा उपटला की म्हैस शेजाऱ्याच्या कडब्यात! म्हशीला जो मान मिळाला, तो नातवाला का मिळू नये?

जरा हिशेब करा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १२ किलोचं पोर साधारण १७० किलोच्या जोराने पुढे झेपावतं. म्हणजे तांदळाची जवळजवळ साडेतीन पोती! "मी धरते ना मांडीवर घट्ट," असं वहिनी म्हणतात. वहिनी, महाराष्ट्र केसरीला आणून बसवलात तरी त्याला हे जमायचं नाही. हाच वेग सुमारे १० मीटर उंचीवरून पडल्यावर येतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आपण पोराला कठड्यापाशीसुद्धा जाऊ देत नाही.

त्यात मेस्त्री उदार. "पत्र्याला भोक पाडतो, बोल्ट टाकतो, दहा मिनिटांचं काम!" तो पत्रा मिलिमीटरभर जाड, आणि रंगाखाली गंजाने किती खाल्लाय ते गंजालाच ठाऊक. झटका बसला, की बोल्ट वॉशरसकट पत्रा फाडून बाहेर येतो. पट्ट्यासाठी मुळातली भक्कम जागा असेल, तर ती गंज खरवडून तपासा. नसेल, तर पत्र्याखाली जाड पोलादी पट्टी हवी, म्हणजे जोर पसरतो. बोल्टही पट्ट्यांसाठीच बनवलेला हवा. बहुधा तो ७/१६ इंची, बारीक आट्यांचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या बरणीतून वेचायचा नव्हे. आणि हे सगळं जाणत्या इंजिनियरच्या नजरेखालून जाऊ द्या. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर तर ही खुर्ची लावायचीच नाही. ती आडवी बसण्यासाठी बनलेलीच नसते.

"मग आयसोफिक्सच्या सळ्या वेल्डिंग करू!" हा पुढचा उत्साह. त्या सळ्यांचं प्रमाण ठरलं १९९९ साली, राणीच्या जन्मानंतर १७ वर्षांनी. मूळ सांगाडा त्या ओढीसाठी घडवलेला नाही. त्याला टाका मारून सळी चिकटते, बळ चिकटत नाही.

शेवटचं अस्त्र ठरलेलं. "आम्ही लहानपणी मागच्या फळीवर बसून महाबळेश्वर केलं, काय झालं?" तुम्हाला काही झालं नाही, म्हणून तर तुम्ही सांगताय. ज्यांना झालं, ते गप्पांना येत नाहीत.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९४ बी कलम आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा अशा खुर्चीविना नेलं, तर १,००० रुपये दंड. आमचे स्नेही त्या हजाराला भितात, साडेतीन पोत्यांना भीत नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच : खुंटा बळकट होईपर्यंत राणीने एकटीने हिंडावं, नातवाने मुलाच्या नव्या गाडीतून.

राणीच्या बंपरला लिंबू-मिरची मात्र तारेने पक्की बांधलेली आहे. मी स्वतः ओढून पाहिली. जराही हलत नाही.