शासकीय दंत महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना अधिकार व मनुष्यबळ मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय दंत महाविद्यालयांत पूर्णवेळ अधिष्ठाता नेमून त्यांना पुरेसे वित्तीय व प्रशासकीय अधिकार देण्याबाबत.

महोदय,

आम्ही शासकीय दंत महाविद्यालयांतील अध्यापक, पदव्युत्तर विद्यार्थी व आंतरवासी पुढील मागण्या आपल्यासमोर ठेवत आहोत.

दंत महाविद्यालयाचा अधिष्ठाता शिक्षणसंस्थेचा प्रमुख असतो, तसाच रुग्णालयाचाही. बीडीएसचे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली स्वतः रुग्णांवर उपचार करत शिकतात. त्यामुळे कॉम्प्रेसर बंद पडला की त्यावर चालणारे सगळे हँडपीस थांबतात. रुग्णाला पुढची तारीख मिळते आणि विद्यार्थ्याने पूर्ण करायच्या उपचारांचा कोटा अडतो. दोन्हींचा जाब अधिष्ठात्यालाच द्यावा लागतो. क्ष-किरण यंत्रांच्या परवान्यांपासून २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांच्या पालनापर्यंतची जबाबदारीही त्याचीच. दुरुस्तीच्या मंजुरीसाठी मात्र त्याला वरच्या कार्यालयाकडे प्रस्ताव पाठवून वाट पाहावी लागते.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. तरीही तंबाखू-सुपारीमुळे तोंड उघडेनासे झालेले तरुण आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. मुखकर्करोग वेळीच ओळखायचा, तर गावोगावी तपासणी हवी आणि त्यासाठी वाहन, निधी व तत्काळ निर्णय हवा. अधिष्ठाता पदाचा केवळ अतिरिक्त कार्यभार सांभाळणारा अधिकारी अशी दीर्घ मुदतीची कामे हाती घेऊ शकत नाही.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. त्यात महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. त्या कसोटीला उतरायचे, तर तयारी आजच सुरू व्हायला हवी.

आमच्या मागण्या :

१. निवृत्तीची तारीख शासनाला आधीच ठाऊक असते. म्हणून अधिष्ठाता पदाचे मागणीपत्र किमान सहा महिने आधी लोकसेवा आयोगाकडे पाठवावे. अतिरिक्त कार्यभाराची पद्धत बंद करावी.
२. नियुक्तीनंतर किमान तीन वर्षांचा कार्यकाळ द्यावा.
३. तातडीची दुरुस्ती, देखभाल करार, दंतसाहित्याची खरेदी व जुन्या यंत्रांचे निर्लेखन यांसाठी अधिष्ठात्यांच्या वित्तीय अधिकारांची मर्यादा वाढवावी.
४. प्रत्येक महाविद्यालयात उपअधिष्ठाता, प्रशासकीय अधिकारी, लेखाधिकारी व जैववैद्यकीय अभियंता ही पदे भरलेली असावीत.
५. पदभार घेण्यापूर्वी ‘यशदा’ या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत वित्त, खरेदी व सेवानियमांचे प्रशिक्षण द्यावे.
६. मुखकर्करोग तपासणीसाठी स्वतंत्र निधी अधिष्ठात्यांच्या अखत्यारीत ठेवावा.

या मागण्यांवर आपल्या अध्यक्षतेखाली बैठक घ्यावी आणि निर्णय लेखी कळवावा. अधिष्ठात्यांकडून कामाचा हिशेब शासनाने जरूर मागावा. मात्र त्या कामासाठी लागणारे अधिकार आधी त्यांच्या हाती द्यावेत, ही आग्रहाची विनंती.

आपले नम्र,
शासकीय दंत महाविद्यालयांतील अध्यापक, पदव्युत्तर विद्यार्थी व आंतरवासी