पायमोज्यांचा हिशेब



बाईला विणकाम आलेच पाहिजे, हे मला कधीच पटले नाही. आमच्या वेळी मुलगी बघायला आले की 'शिवण, विणकाम येते ना?' हा प्रश्न ठरलेला. मी बी.कॉम. झालेली, पण ताळेबंद जुळवता येतो का, हे कोणी विचारले नाही. त्यामुळे सुया हातात घेतल्या त्या नाइलाजाने.

साठीनंतर जावेच्या आग्रहाखातर पायमोजे शिकायला बसले, तेही भिडेपोटी. पहिली टाच वळली आणि मत बदलले.

ज्यांनी विणले नसतील त्यांच्यासाठी सांगते. दोन्हीकडे टोक असलेल्या पाच बारीक सुया लागतात. मोठ्या माणसाच्या मोज्याला बारीक लोकरीचे साधारण ६४ टाके, म्हणजे चार सुयांवर १६-१६. पाचवीने गोल विणत जायचे. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट, म्हणजे मोजा घसरत नाही. टाचेपाशी निम्मे, ३२ टाकेच घेऊन उलटसुलट विणायचे, मग मधल्या टाक्यांवर थोडे थोडे वळत राहायचे. सरळ नळीला आपोआप खोलगट टाच येते. हिशेब चुकला तर लगेच कळते, जुळला तर ताळेबंद जुळल्याचा आनंद होतो.

बोटांशी शिवण टोचू नये म्हणून शेवटी जो सपाट जोड घालतात, त्याला इंग्रजीत किचनरचे नाव आहे. हा किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या बायकांनी सैनिकांसाठी ढीगभर मोजे विणले होते. एवढीशी वस्तू, पण खंदकातल्या माणसाचा पाय त्यावर टिकायचा.

घरात विचारतात, दुकानात स्वस्त मिळतात, मग कशाला? रुपयांत हिशेब केला तर हे काम तोट्याचेच आहे. पण आपल्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणे आटोपतात. ओटा पुसला की पुढचे दोन तास आपले. ते मालिकेत घालवले तर कोणी नफातोटा विचारत नाही. आपला स्वयंपाक दुपारी संपतो, झाडलेले संध्याकाळी पुन्हा केर होते. मोजा मात्र एकदा झाला की होतो, आणि वर्षानुवर्षे कोणाच्या तरी पायात राहतो.

लोकर चालेल का, असे काहीजणी विचारतात. रेशमासाठी कोष किड्यासकट उकळतात. लोकर मेंढी कातरून मिळते, ती मरत नाही. तरीही मन घेत नसेल तर सुती दोरा घ्या. इचलकरंजी शेजारी असताना आपल्याला सुताचे काय कौतुक! सूत लोकरीसारखे ताणले जात नाही, म्हणून पट्टी घट्ट विणा. कोल्हापूरच्या पौषातल्या पहाटे गार फरशीवर तेवढी ऊब पुरते.

माझे म्हणणे इतकेच. लेकी-सुनांवर विणकाम लादू नका. लादल्याने माझी चाळीस वर्षे गेली. आणि एखादी आपणहून विणत बसली तर 'रिकामटेकडी' म्हणू नका, 'विकत का नाहीस?' असेही विचारू नका. बाईच्या प्रत्येक तासाची किंमत लावायलाच हवी असे थोडेच आहे?