घोडा, कासोटा आणि आमच्या लेकी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भाचीचे लग्न झाले. त्याआधी कौंडण्यपूरला आमच्या जुन्या घरी बैठक बसली. आमचा पेशा कारकुनाचा, त्यामुळे अशा वेळी खर्चाची वही आपोआप आमच्याच हाती येते. मंडप, जेवण, गाडीभाडे असे एकेक कलम लिहीत असता कोणीतरी म्हणाले, "नवरदेवासाठी घोडा लिहा." आम्ही लिहिला. तेव्हा दारात उभी असलेली भाची म्हणाली, "मामा, घोडा येतच आहे तर मीही बसते."

बैठक एकदम गप्प झाली. मग एकजण म्हणाले, "साडी नेसून घोड्यावर कशी बसशील?" दुसरे म्हणाले, "लोक काय म्हणतील?" आणि आम्ही, जे गेली वीस वर्षे सभांमधून स्त्री-पुरुष समतेवर बोलत आलो, आम्ही म्हणालो, "खर्च वाढतो, बेटा." वास्तविक खर्च वाढत नव्हता. घोडा एकच होता.

कोपऱ्यात आमची ऐंशीच्या घरातली मावशी बसली होती. ती म्हणाली, "अवं पोरी, कासोटा कशाले हाय मंग? आमी त आखी जिनगानी कासोट्यावर काढली. घोडा नवता, इतकंच."

मावशीचे हे बोल डोक्यातून जाईनात. बाईने घोड्यावर बसताना काय नेसावे, हे कोणी आणि कसे ठरवले, याचा आम्ही थोडा मागोवा घेतला. तोच आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

कौंडण्यपूर म्हणजे प्राचीन विदर्भाची राजधानी. वर्धा नदीच्या काठच्या या गावी डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाचा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९६८ साली प्रसिद्ध केला. घोडाही विदर्भाला नवा नाही. नागपूरजवळ माहुरझरी येथे शिलावर्तुळांच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले आहेत. त्यांच्या अंगावर तांब्याचे दागिने होते, तोंडात लोखंडी लगाम होते. म्हणजे अडीच हजार वर्षांहून अधिक काळ या मातीत घोडा आहे. परंतु आमच्या गावच्या सर्वांत प्रसिद्ध लेकीची, रुक्मिणीची, पुराणकथा काय सांगते? ती रथातून गेली. घोडे होते, पण लगाम दुसऱ्याच्या हाती होता.

मग लगाम बाईच्या हाती कधीच नव्हता काय? होता. मध्य प्रदेशातील भारहूतच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे एक शिल्प आहे. त्यात एक स्त्री घोड्यावर स्वार असून तिच्या हाती ध्वज आहे. ज्या शिल्पकाराने ती कोरली, त्याला बाईने घोड्यावर बसणे लाजिरवाणे वाटले नाही.

आता कपड्याचे पाहू. धोतर, साडी, लुंगी ही नेसायची वस्त्रे. विजार हे शिवलेले वस्त्र. मध्य आशियाच्या बाजूला, चीनमधील तुर्फान भागात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत लोकरीच्या विजारी सापडल्या. आजवर सापडलेल्यांत त्या सर्वांत जुन्या समजल्या जातात. ती माणसे घोडेस्वार होती. घोड्याच्या पाठीवर तासन् तास बसायचे तर मांड्या सोलून निघतात, म्हणून दोन्ही पाय वेगवेगळे झाकणारे वस्त्र हवे. त्या गरजेतून विजार रुळली असे अभ्यासक मानतात. तिच्याच कुळातली आपली सलवार. आमच्या मुली पंजाबी ड्रेस घालू लागल्या तेव्हा "हे काय फॅशन?" म्हणून नाके मुरडणारे आमच्याही घरात होते. ती फॅशन नव्हती. तो स्वाराचा पोशाख होता, आमच्या मुली सायकलवर बसून शाळेला निघाल्या होत्या!

महाराष्ट्रात मात्र बाईने वेगळीच युक्ती केली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याच्या मधल्या निऱ्या पायांमधून मागे घेऊन कंबरेत खोचल्या की झाला कासोटा. शिलाई नाही, बटण नाही, नाडी नाही. दोन्ही पाय मोकळे, तरी झाकलेले. मांडीखाली कापडाचे पदर येतात, त्यामुळे घासत नाही. लोंबते टोक नाही, म्हणून रिकिबीत अडकत नाही. अनेकजण सांगतात की नऊवारी ही मराठ्यांच्या लढाऊ स्त्रियांसाठी निघाली. आम्हाला हे पटत नाही. पायांमधून मागे खोचलेले वस्त्र जुन्या लेण्यांतील शिल्पांतही दिसते. आणि पऱ्हाटी वेचणारी, निंदणखुरपण करणारी, डोक्यावर मोळी घेऊन चालणारी बाई रोज कासोटाच घालीत होती. राण्यांनी तो कष्टकरी बायांपासून घेतला असे आम्ही म्हणत नाही, पण राणीचा कासोटा आणि मजूर बाईचा कासोटा एकच होता. फरक घोड्याचा होता. मावशीने दोन वाक्यांत हेच सांगितले.

या कासोट्यापुढे साऱ्या युरोपची मती कशी गुंग झाली, त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. दौलतराव शिंद्यांच्या विधवा बायजाबाई, कागलच्या घाटग्यांची लेक, यांना १८३३ साली ग्वाल्हेर सोडावे लागले. १८३५ साली त्यांचा तळ उत्तरेत फत्तेगडला होता. तेथे फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांना भेटावयास गेली. त्या काळी इंग्रज स्त्री घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसे. पाय फाकून बसणे कुलीन स्त्रीला शोभत नाही, हा त्यांच्याकडचा दंडक. त्यासाठी खोगीर वेगळे, त्याला पाय अडकवायला खुंट्या, अंगावर जमिनीपर्यंत लोळणारा झगा. शिंद्यांच्या जनानखान्यातल्या बाया मात्र पुरुषासारख्या दोन्हीकडे पाय टाकून बसत. त्यांना या एकांगी बसण्याचे हसू आले आणि भीतीही वाटली. बायजाबाईंची नात तर पट्टीची घोडेस्वार. पुढे फॅनीबाईंनी मराठी साडी नेसून, कासोटा घालून, मराठी खोगिरावर बसून पाहिले. त्यांना ते इतके आवडले की आपल्याकडची रीत त्यांना मूर्खपणाची वाटली. १८५० साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

त्या मूर्खपणाची किंमतही मोठी होती. घोडा अडखळला की बाई पडे, झगा खोगिराच्या खुंटीत अडके आणि ती घोड्यामागे फरफटत जाई. कित्येक स्त्रिया अशा जखमी झाल्या, मेल्या. तेव्हा बाईला सरळ बसू द्यावे हे सुचायला हवे होते. ते न करता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडल्यावर आपोआप सुटणारा झगा शोधून काढला! रीत सुटत नव्हती, म्हणून झगा सुटता केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन पायांचा झगा आला, आणि मग विजार. ती विजारही आपल्याच देशातून गेली. जोधपूरचे सर प्रतापसिंह १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला विलायतेत गेले. मांडीवर ढगळ आणि गुडघ्याखाली घट्ट अशी त्यांच्याकडची विजार इंग्रजांना आवडली, तिला नावच जोधपूर पडले. पुढे तीच स्त्रियांनीही घातली. ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला तो १९५२ साली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे होते.

झाशीच्या राणीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये लक्ष्मीबाई नेहमी नऊवारीत, पाठीशी बाळ बांधलेली असते. परंतु पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीत होते. त्यांच्या 'माझा प्रवास' या १९०७ साली छापलेल्या पुस्तकात राणी पायजमा, अंगरखा असा पुरुषी पोशाखही करीत असे वर्णन आहे. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती पडली तेव्हा ती घोडेस्वार शिपायाच्या वेषात होती, असे इंग्रजांच्या टिपणांतही आहे. आणि याच झाशीची झलकारीबाई! ती कोरी समाजाची, म्हणजे विणकरांची लेक. तिने राणीचा पोशाख घालून शत्रूला चकवले, असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. इतिहासाच्या पुस्तकांनी तिला जागा दिली नाही. भारत सरकारने २००१ साली तिच्यावर टपाल तिकीट काढले, त्यात ती घोड्यावर आहे. ज्यांनी कापड विणले त्यांच्या लेकीला राणीचे कापड अंगावर घालायला मरणाची वेळ यावी लागली.

येथे मूळ मुद्दा येतो. राजघराण्यातली बाई कासोटा घालून घोड्यावर बसली की तो पराक्रम. आमच्या आजीने तोच कासोटा गुडघ्याच्या वर नेसला की ती तिच्या जातीची खूण. आमच्या बायांनी लुगडे किती खाली सोडावे, दागिना कोणत्या धातूचा घालावा, हे गाव ठरवीत असे. १९२८ साली इंदूरकडच्या गावांत बलाई समाजावर सवर्णांनी अटी लादल्या. त्यांत बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, चांगले झगे घालू नयेत, पुरुषांनी रंगीत काठाचे धोतर नेसू नये, अशी कलमे होती. परमपूज्य बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या आपल्या १९३६ च्या भाषणग्रंथात ही हकिकत दिली आहे.

म्हणूनच १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी लुगड्याबद्दल बोलले. देशाच्या घटनेचा पुढे शिल्पकार झालेला हा विद्वान लुगड्याच्या लांबीवर का बोलला, असे काहींना वाटेल. त्यांनी स्त्रियांना सांगितले की गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाची गोठ-पाटली टाका, लुगडे वरच्या जातीच्या बाया नेसतात तसे नेसा. लगेच बायांनी नेसण्याची रीत बदलली. लक्षात घ्या, तेव्हा वरच्या जातीच्या बायाही नऊवारीच नेसत, कासोटाच घालीत. त्यांचे लुगडे घोट्यापर्यंत येई, आमचे गुडघ्यापर्यंत. बाबासाहेबांचे भांडण कासोट्याशी नव्हते. कपड्यावरून जात ओळखू यावी, या सक्तीशी होते. पुढे १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदी आमच्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. महाडला लुगड्याची रीत बदलली, त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत वऱ्हाडची बाई हजारोंच्या सभेची अध्यक्ष झाली.

आणि घोडा? तो अजूनही सर्वांचा झालेला नाही. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात २०१८ साली एका दलित नवरदेवाची वरात पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात काढावी लागली. त्याच वर्षी गुजरातेत भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळीत होता, हेच काहींना खुपले, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या घोडेस्वारांनी सुवर्णपदक जिंकले, त्या चौघांत दोन मुली होत्या. एकाच देशातली ही दोन चित्रे आहेत.

आम्ही हे सारे वाचले आणि आम्हाला आमचीच लाज वाटली. गावाने आम्हाला सांगितले, घोडा तुमच्यासाठी नाही. आम्ही भांडलो. आणि घरात आम्ही आमच्या लेकीला तेच सांगितले, फक्त 'खर्च' हा सभ्य शब्द वापरून. लग्नात घोडा असावाच असे आमचे मत नाही. कर्ज काढून वरात काढणाऱ्यांना आम्ही आजही विरोध करतो. नको असेल तर दोघांनाही नको, पण नवरदेवाला चालतो तर नवरीलाही चालला पाहिजे.

लग्न साधेपणाने विहारात झाले. मावशीने स्वतः भाचीला पांढरी नऊवारी नेसवली. निऱ्या ओढून मागे खोचताना म्हणाली, "घट्ट हाय न वं? पडशीन बिडशीन नाही." विहारापासून घरापर्यंत अर्ध्या वाटेवर नवरदेव बसला, अर्ध्या वाटेवर भाची. घोडेवाला लगाम धरून पुढे चालू लागला, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, थोडा वेळ माझ्या हाती द्या." त्याने दिला.

वहीत घोड्याचे कलम तेवढेच राहिले, एक पैसाही वाढला नाही. मावशी ओट्यावर बसून बघत होती. आम्ही विचारले, "कसं वाटलं, मावशी?" ती म्हणाली, "कासोटा कामी आला, बापू."

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरीही एखादी लेक दारात उभी राहून असेच काही मागत असेल. उत्तर देण्यापूर्वी आपण नेमके कोणाचे उत्तर देत आहोत, याचा विचार व्हावा.

जयभीम.