कळपाबाहेरचा शब्द

माणसांप्रमाणे शब्दांनाही बरे-वाईट दिवस पाहावे लागतात. एके काळी मानाच्या पाटावर बसलेला शब्द पुढे दाराबाहेर उभा असलेला दिसतो. इंग्रजी भाषेतील ‘इग्रीजस’ या विशेषणाची कहाणी अशीच आहे. एखादी चूक इतकी ढळढळीत असावी की ती कोणाच्याही नजरेतून सुटू नये, म्हणजे इंग्रजीत तिला ‘इग्रीजस’ म्हणतात. घोर अन्याय, निर्लज्ज असत्य, अक्षम्य हलगर्जीपणा यांच्याच संगतीत हा शब्द आज वावरतो.

परंतु त्याचे कूळ थोर आहे. प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप आणि ‘ए’ म्हणजे बाहेर. या दोहोंपासून ‘एग्रेगिउस’ हा शब्द झाला. शेकडो मेंढरांच्या कळपात एखादेच असे असते की, पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्यावरच खिळते. तसा जो माणूस चारचौघांत आपल्या गुणांनी उठून दिसे, त्याचा गौरव रोमन लोक या शब्दाने करीत. परीक्षेतील एकूण गुणांना ‘ॲग्रिगेट’ म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला. ‘कळपात आणून मिळविणे’ हा त्याचा मूळ अर्थ होय.

लॅटिनमध्ये या शब्दाचा मान पुढेही टिकला. कार्ल फ्रीड्रिख गाउस या थोर जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये वक्र पृष्ठांविषयीचा एक सिद्धान्त मांडला. संत्र्याची साल न फाडता व न ताणता सपाट पसरता येत नाही. त्याचप्रमाणे पृथ्वीचा गोल कोणताही दोष न येऊ देता सपाट कागदावर उतरविता येत नाही, हे त्या सिद्धान्तावरून सिद्ध होते. गाउसने आपला ग्रंथ लॅटिन भाषेत लिहिला आणि या सिद्धान्ताला ‘एग्रेगिउम’, म्हणजे असामान्य, असे विशेषण लावले. इटालियन भाषा ही तर लॅटिनचीच कन्या. तिच्यात आजही औपचारिक पत्राच्या मायन्यात ‘एग्रेजो’ हा शब्द आदराने लिहितात.

मग इंग्रजीतच त्याची अशी अवनती का झाली? सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ चांगलाच होता. परंतु त्याच शतकात तो वाईट अर्थानेही योजला जाऊ लागला. याचे कारण बहुधा उपरोध हे असावे, असे कोशकार मानतात. मूर्खाला हसत हसत ‘असामान्य’ म्हणावे, लबाडाला ‘थोर’ म्हणावे, असे पुनःपुन्हा घडले. हळूहळू थट्टेतला अर्थ तेवढा उरला आणि खरा अर्थ मावळला.

ही गोष्ट इंग्रजांचीच आहे असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. ‘प्रताप’ हा केवढा तेजस्वी शब्द! प्रतापगडाच्या नावात तो आजही ताठ मानेने उभा आहे. परंतु घरात मुलाने बरणी फोडली की, “पाहा याचे प्रताप!” असेच उद्गार कानी पडतात. दिवा लावणे हे मंगल कृत्य, पण “काय दिवे लावलेस?” या प्रश्नात मंगल असे काय उरते?

उपरोध हे भाषेचे भूषण आहे, त्याच्याशिवाय बोलणे अळणी होईल, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. परंतु मीठ चवीपुरतेच घालावयाचे असते. एखादा मुलगा वर्गात अचूक उत्तर देतो आणि मागून आवाज येतो, “आला मोठा शहाणा!” सारा वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी उत्तर येत असूनही त्या मुलाचा हात वर होत नाही. तेथे दोन हानी एकदम होतात. एक गुणी मुलगा मुकाट्याने कळपात परततो आणि ‘शहाणा’ हा एक चांगला शब्द मलिन होतो.

कळपाबाहेर उभे राहणे हा मुळात गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. माणूस कशामुळे उठून दिसतो, हे पाहूनच त्याची योग्यता ठरवावी. जो दुष्कृत्याने उठून दिसतो, त्याची निंदा अवश्य व्हावी. तीसाठी भाषेत शब्दांची वाण नाही. परंतु जो सद्गुणाने उठून दिसतो, त्याची स्तुती सरळ शब्दांत आणि खऱ्या मनाने करावी. स्तुतीचे शब्द ही सर्वांची सामाईक ठेव आहे. ती थट्टेत उधळून टाकली, तर खऱ्या थोरपणाला हाक मारावयास एके दिवशी शब्दच उरणार नाही.