विमानांचे वेळापत्रक आणि विश्रांतीचा हिशेब

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसातच हा आकडा हजारावर गेला. देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक प्रवासी जिच्यावर विसंबून, त्या कंपनीचे वेळापत्रक असे कोलमडावे, याला दैवयोग म्हणून चालणार नाही.

वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्री विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा अखेरचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाला. तयारीस अवधी नव्हता, असे म्हणता येत नाही.

मुळात वैमानिकांच्या नेमणुका हा गणिताचाच प्रश्न आहे. कामाच्या तासांची एकही अट न मोडता सर्व उड्डाणे कमीत कमी खर्चात पार पाडण्यासाठी लिनियर प्रोग्रॅमिंग व तत्सम पद्धतींचा अवलंब केला जातो. या हिशेबात राखीव वैमानिक हा वरकरणी निव्वळ खर्च ठरतो. परिणामी काटकसर जितकी काटेकोर, तितकी व्यवस्था नाजूक. एक विमान खोळंबले, की वैमानिकाचे तास संपतात आणि पुढील उड्डाणेही अडतात.

भाड्याचा हिशेबही असाच निर्विकार आहे. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनच्या केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये एक नियम मांडला. पूर्ण भाडे देणारा प्रवासी मिळण्याच्या संभाव्यतेने पूर्ण भाड्यास गुणावे; सवलतीचे भाडे या गुणाकाराहून कमी असेल, तर ते आसन राखून ठेवावे. टंचाईत ही संभाव्यता वाढते आणि स्वस्त आसने नाहीशी होतात. म्हणूनच ६ डिसेंबरला केंद्र सरकारला अंतरानुसार ७,५०० ते १८,००० रुपयांची कमाल भाडेमर्यादा घालावी लागली.

त्याच वेळी विश्रांतीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सवलतही मिळाली. म्हणजे उत्तर चुकले म्हणून प्रश्नच बदलण्यात आला! थकलेल्या वैमानिकाचा धोका आणि अडकलेल्या प्रवाशाचे नुकसान कंपनीच्या ताळेबंदात आपोआप उमटत नाही. ते उमटावे, यासाठी राखीव मनुष्यबळाचे किमान प्रमाण बंधनकारक करणे आणि रद्द उड्डाणांची भरपाई जरब बसेल इतकी ठेवणे अगत्याचे आहे. गणित घातलेल्या अटी पाळते. अटी घालण्याची जबाबदारी मात्र शासनाचीच आहे.