विकत घेतलेला कार्यानुभव

शाळेच्या प्रदर्शनात पुठ्ठ्याचे किल्ले, मण्यांची तोरणे आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरे ओळीने मांडलेली असतात. पालक कौतुक करतात, मुख्याध्यापक समाधान व्यक्त करतात. यांपैकी किती वस्तू मुलांच्या हातच्या, किती आईने रात्री जागून केलेल्या आणि किती स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणलेल्या, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांतील हस्तकलेचे दुखणे नेमके या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. 1937 साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योग हाच शिक्षणाचा गाभा मानला. झाकिर हुसेन समितीने तर शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे त्याला दिली. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या उत्पन्नातून शिक्षकांचा पगार हळूहळू निघावा, ही त्यामागची एक अपेक्षा होती. शाळेचा कारखाना होईल, अशी टीका तिच्यावर झाली व ती गैरलागू नव्हती. पुढे कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात ‘कार्यानुभव’ सुचविला. त्यात भर वस्तूच्या किमतीवर नसून अनुभवावर होता. आज मात्र वस्तू उरली आहे आणि अनुभव निघून गेला आहे.

असे का व्हावे? अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. ज्याचे मोजमाप होते, त्याचेच उत्पादन होते. तयार वस्तूला गुण मिळत असतील, तर ती सर्वांत कमी श्रमांत मिळविणे हाच शहाणपणा ठरतो. मातीचे भांडे दोनदा कोसळल्यावर तिसऱ्यांदा का टिकले, हे मुलाला उमगले तरी गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही. राज्याच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांनी चित्रकलेला प्रतिष्ठा दिली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या परीक्षा कागदावरच्या आहेत. माती, बांबू आणि लाकूड त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

दुसरा प्रश्न विषमतेचा आहे. साहित्याचा खर्च पालकांवर टाकला की ज्याची ऐपत अधिक, त्याचा प्रकल्प देखणा. मजुराच्या मुलीचा हात कितीही कुशल असला, तरी तिची वस्तू मागच्या टेबलावर जाते. वास्तविक ओली माती, जुनी वर्तमानपत्रे, नारळाच्या करवंट्या आणि शिंप्याकडच्या चिंध्या यांना फारसे मोल पडत नाही. महाग असतो तो शिक्षकाचा वेळ, आणि काटकसर होते ती नेमकी तेथेच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने कला व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद केली. पण ती सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळांपुरतीच. खेड्यापाड्यांतील लहान शाळा या तरतुदीच्या बाहेरच राहिल्या.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच वर्गांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची आणि स्थानिक कारागिरांकडे उमेदवारीची कल्पना मांडली आहे. महाराष्ट्रात तिला अनुकूल भूमी आहे. पेणचे मूर्तिकार, सावंतवाडीचे लाकडी खेळणी करणारे कारागीर, पालघरमधील वारली चित्रकार हे शाळेच्या दारापर्यंत येऊ शकतील असे शिक्षक आहेत. मात्र त्यांना सत्काराचा नारळ देऊन परत पाठविणे योग्य नव्हे. त्यांच्या दिवसाच्या कमाईएवढे मानधन मिळाले पाहिजे. कारागिराच्या ज्ञानाला किंमत आहे, हा धडा मुलांना त्या मानधनातूनच मिळेल.

धोरणाच्या यशासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. काम वर्गातच व्हावे, साहित्य शाळेने द्यावे आणि गुण वस्तूला न देता शिक्षकाने पाहिलेल्या प्रयत्नाला द्यावेत. एवढे झाले तर प्रदर्शनातील काही भांडी वाकडी दिसतील. ती वाकडी भांडी मुलांनी स्वतः घडविलेली असतील, आणि शाळेला अभिमान वाटावा असे तेच आहे.